वरची पट्टी

अहो, गाण्याचं काय विचारता? मला फक्त गुपचूप राहायचं होतं हो! नवऱ्याला नोकरी लागली या परक्या देशातल्या एवढ्याशा गावात. तो सकाळी कागदाच्या कारखान्यात गेला की मी दाराला कडी! भाषेचा पत्ता नाही, रस्त्यात कुणी हसलं की मी आपली चपलांकडे बघायची. संध्याकाळी तो विचारायचा, ‘आज कुणाशी बोललीस?’ ‘फ्रिजशी!’ हसायचो दोघं... पण तुम्हाला सांगते, तो झोपला की उशी भिजायची. परत जायचं, ठरलंच होतं माझं.

आणि एका दुपारी स्वयंपाकघरातला नळ आला ना माझ्या हातात! अख्खा! फवारा थेट छताला! खाली बेकरी, पिठाची पोती... खिडकी उघडली, तर ‘वाचवा’ला इथे काय म्हणतात तेच आठवेना! मग काय, नुसतीच किंचाळले, ‘आऽऽऽ!’ दम घेतला, परत ‘आऽऽऽ!’

आली की सगळी गल्ली वर, बादल्या-फडकी घेऊन! बेकरीवाला तर पिठाच्या हातांनीच. म्हटलं, हा आता शिव्या घालणार, घर सोडायला लावणार. तर पठ्ठ्याने कॉक बंद केला नि खुणेनं मलाच खुर्ची दाखवली (कोण काय बोललं ते मला मागाहून कळलं हो, तेव्हा सगळं खुणांवरच!), ‘ताई, आधी तू बस. पीठ काय, वाळेल!’ भिजलेलं पीठ वाळतं का हो कधी? पण असं भरून आलं मला... गुपचूप राहायचं होतं, नि इथे अनोळखी माणसं विजारी दुमडून माझी फरशी पुसतायत!

एवढ्यात एक उंच बाई पुढे आल्या, कंबरेवर हात. ‘मघाशी कोण ओरडलं?’ मी घाबरत बोट वर केलं. ‘पुन्हा ओरड!’ ओरडले! काय करणार? बाईंनी डोळे मिटून ऐकलं नि बेकरीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला, ‘अरे, मिळाली! वरची पट्टी मिळाली!’ गावाच्या गायनमंडळाच्या बाई त्या!

तेव्हापासून गातेय. निम्म्या शब्दांचा अर्थ कळत नाही, चुकले की शेजारीण कोपर मारते... आणि खरं सांगू? कोपर मारायला कुणीतरी आहे, यानंच किती हलकं वाटतं! परत जायचं? वेळ कुठाय!

परवा तर कहर! कोपऱ्यावर नवं बिऱ्हाड आलं, परदेशातलंच. बाई म्हणाल्या, ‘स्वागताला तू जा, तू इथलीच ना!’ गेले. दार बोटभर उघडलं, आत घाबरलेले डोळे... चार गोड शब्द बोलायचे ना? पण तोंडातून निघालं काय... ‘भ्यायचं राहू दे गं, गळा कसा आहे तुझा? आमच्यात एक आवाज कमी पडतोय!’