भावजी असंच बोलतात

हॅलो?… कोण, आशा?… अगं बोल, येतंय ऐकू. गुहागरहून, बूथवरून करतेयस का?… काय झालं?… कुणी, भावजींनीच सांगितलं? काय म्हणाले नेमकं?…

"मला काही झालं नाही, आणि जे झालंय ते बरं होतंय"… नाही गं, हसत नाहीये. भावजी बोलतातच असं, नवरा तुझा, तुला काय नवीन आहे?

हो, हो… अगं ऐक ना, सांगते सगळं. गेल्या शुक्रवारी इथे दुबईत, कुसैसच्या ग्राउंडवर मॅच होती. आमच्या धनंजयची टीम, विकेटकीपर नेहमीसारखे मुरलीभावजी… हो, सत्तेचाळिसाव्या वर्षी. कोण सांगणार त्यांना? रणजितचा बॉल उसळला आणि बोटावर बसला… उजवं, मधलं. फ्रॅक्चर आहे… नाही, डोक्याला काही नाही. खरंच सांगते.

दवाखान्यात?… धनंजय होता ना बरोबर. डॉक्टरने विचारलं, कुठे दुखतंय. तर म्हणाले, "जिथे लागलं तिथेच. बाकीकडे लागलंच नाही." नर्ससुद्धा हसली म्हणे.

रणजितने मात्र फार मनाला लावून घेतलं. टॅक्सी चालवतो तो, दोन दिवस बाहेरच काढली नाही. मग भावजीच प्लास्टरचा हात घेऊन त्याच्या खोलीवर गेले. म्हणाले, "चांगला टाकलास म्हणून लागला. वाईट टाकला असतास तर वाचलो असतो. असाच टाकत जा."… हो, तेव्हा कुठे जेवला तो.

काम?… तेच सांगतेय. एसीच्या डक्टचे पत्रे वाकवायचे म्हणजे बोटांचंच काम. डॉक्टर म्हणाला, हे बोट आता पहिल्यासारखं वळणार नाही. कंपनीने स्टोअरमध्ये बसा म्हणून सांगितलं… हो, पगार तोच. पण मंगळवारी भावजींनी राजीनामा दिला.

नाही गं, कुणी काढलं नाही. स्वतःहून. धनंजयने खूप समजावलं, अजून दोन वर्षं काढा म्हणाला. तर म्हणाले, "घरी जायला फार उशीर झालाय, म्हणून आता लवकर निघतो." कुणीच हसलं नाही त्यावर.

… मलाच म्हणाले, वहिनी, तुम्ही सांगा. "मी सांगितलं तर तिला कळेल, पण खरं वाटणार नाही."… बरोबरच आहे. सोळा वर्षं 'पुढच्या वर्षी' ऐकतेयस तू.

वीस तारखेचं विमान… याच महिन्याच्या. तिकीट मी डोळ्यांनी बघितलंय… हो, मुंबईपर्यंत, मग एसटीने गुहागर… रड थोडी. मी आहे इथे.

…

काय गं?… विचारलं ना. काल जेवायला आले होते, तेव्हाच विचारलं मी. भावजी, परत कधी येणार?

"परतच चाललोय की," म्हणाले.

… हो… बरं. ठेवते मी.