दुसऱ्या दाराचे मालक

हॅलो?… हो आत्या, गायत्रीच बोलतेय. शेजारच्या शोभावहिनींनी खिडकीतून हाक मारली, तशीच धावत आले… अगं रडू नको. एसटीडीचं मीटर पळतंय तुझं.

जाण्याच्या आदल्या दिवशी?… काही नाही गं, रोजच्यासारखेच होते आप्पा. लूमला सुट्टी होती. तरी उधन्याला शेडवर गेले, दारावरची पाटी पुसायला. मला नेलं स्टूल धरायला. घासलेटाचा बोळा फिरवता फिरवता म्हणाले, "वाच." मी त्यांचंच नाव वाचलं, "शालिग्राम टेक्स्टाइल." तर म्हणाले, "जरा मोठ्याने, मास्तरीणबाई." येताना लोचो खाल्ला दोघांनी… बस, एवढंच.

आणि दुसऱ्या दिवशी ती मोटरची वायर… हो, उघडीच होती. सगळ्यांना माहीत होती. तिच्यावर पाय न देता कसं चालायचं, हे नव्या माणसाला आप्पाच शिकवायचे.

हां, छगनशेठ येऊन गेले काल. आईसमोर रडले… खोटं कशाला रडतील? आपल्याच गावचे. कानबाईच्या सणाला दरवर्षी गावाकडे बस सोडतात, मी कुठे नाही म्हणते?… हो, हो… तेच सांगत होते. तेराव्याला सगळ्यांसमोर तुझ्या भाच्याला, गजेंद्रला पगडी बांधणार आणि आप्पांची पाटी त्याच्या नावाने करणार… आत्या, ऐक ना… अगं ऐक ना आधी!

तू आली होतीस ना शेडवर? दारं किती?… चार. पाट्याही चार. पण आत भिंत दिसली कुठे तुला?… नाहीच. एकच शेड, लूमही सगळे शेठचेच. एका मालकाकडे माणसं वाढली की कायद्याने तो कारखाना होतो. मग सरकारी तपासनीस येतो, वायरी बघतो, जाब विचारतो. म्हणून एका शेडचे कागदावर चार धंदे केले. चार दारं, चार मालक, दुसऱ्या दाराचे आप्पा. प्रत्येकाकडे मूठभर माणसं. इतक्या लहान धंद्यात कोण डोकावतो?

आप्पांना फसवलं असं नाही म्हणत… मान दिला त्यांना. तिथेच तर सगळे प्रश्न मिटले. चोराच्या घरात सगळे वाकून बघतात, आत्या. देवमाणसाला उंबऱ्यावरूनच नमस्कार करून परत फिरतात.

बरं, पाटीखाली उभं राहून काढलेला आप्पांचा तो फोटो गावात कुणी मिरवला? "माझा भाऊ सुरतेत मालक झाला"… नाही गं, तुला टोचत नाहीये. पण सांग मला, मालक दर महिन्याला पगार घेतो? मालकाला उशीर झाला तर मुकादम त्याचा खाडा मांडतो?… नाही ना?

मजूर गेला असता तर मालकाला जाब द्यावा लागला असता. इथे कागदावर मालकच गेला. स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या वायरने. आता जाब कोणी कोणाला द्यायचा?

गजेंद्र?… त्याला हवीय पाटी. बाविसाव्या वर्षी कुणाला नको असते? काल तावातावाने भांडला माझ्याशी. "तुला आप्पांचं नाव पुसायचंय," म्हणाला… नाही आत्या, माझं ठरलंय. पगडी मामा बांधतील. पाटी त्याच्या गळ्यात पडू देणार नाही मी. नाहीतर त्याच दारातून आत जाईल तो, त्याच वायरीवरून.

उद्या सकाळी तपासनिसाच्या कचेरीत जाणार आहे. त्याला घेऊनच शेडवर जाईन… गाव तोंडात शेण घालेल? घालू दे… काय?… हो, बाकीच्यांच्या पोटावर पाय येईल, ती भीती मलाही आहे. शोभावहिनींचे सखारामभाऊ तिसऱ्या दाराचे मालक. इथे समोरच बसलेत. आत्ताच उठून टीव्ही बंद केला त्यांनी… नाही, हळू नाही बोलणार. ऐकू दे त्यांनाही.

काय सांगणार तिथे?… एकच गोष्ट. आप्पांसमोर कधी जीभ रेटली नाही. पाटी पुसताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की कसं बोलणार? आता बोलते. तू नीट ऐक, मध्ये रडू नको…

आत्या, माझे वडील मालक नव्हते. मजूर होते. फार चांगले मजूर होते. आणि ते दुसऱ्याच्या कारखान्यात मेले.

…हो. ठेवते आता.