पाया पडणारी जीप

पुरवणी जबाब
दि. १४/०५/२०२५

माझे नाव वर्षा राजकुमार आडे, वय ३७ वर्षे, धंदा शिवणकाम व घरची शेती, राहणार नेमसिंग तांडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ. ओळखीची खूण: डाव्या हाताची दोन बोटे नाहीत.

मी आज कोणी न बोलावता स्वतः पोलीस स्टेशनला येऊन, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझी सासू रुक्माबाई हिच्यासोबत राहते. माझे पती राजकुमार ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचे काम करत. मागच्या वर्षीच्या मार्चपासून ते घरी राहत नाहीत.

परवा मी याच पोलीस स्टेशनला माझी राखाडी रंगाची जुनी जीप अंगणातून चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. गाडी माझ्या नावावर आहे. घेताना पतींनीच ती माझ्या नावावर केली. “गाडी हिची, मी ड्रायव्हर,” असे ते सगळ्यांना सांगत. गाडीची एक चावी माझ्याकडे आहे. दुसरी पतींकडे आहे, हे पहिल्या तक्रारीत सांगायचे राहिले.

गाडीचे कोणते काम चालले होते असे विचारल्यावरून सांगते की, आमच्या शेताच्या वाटेवर नाला आहे. त्यात मोठे दगड आहेत. गाडीचा पुढचा एक्सल तिथे घासत असे. म्हणून पतींनी गाडी उंच करायचे ठरवले. गॅरेजला न नेता त्यांनी घरीच, अंगणातल्या कडुलिंबाखाली काम काढले. गाडीचे वजन ज्या लोखंडी पट्ट्यांवर असते त्यांना पाटे म्हणतात. जुने पाटे काढून जास्त पट्ट्यांचे, जास्त कमान असलेले पाटे बसवायचे होते. मागची बाजू आधी पूर्ण झाली. पुढची राहिली.

गाडी किती उंच करायची होती असे विचारल्यावरून सांगते की, चार बोटे. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मी हात आडवा धरायचा, आणि पहिल्यापेक्षा माझी चार बोटे जास्त बसली की झाले, असे माप होते. मी शिवणकाम करत असल्याने घरात टेप होते. तरी ते म्हणत, “टेप खोटं बोलते. तुहा हात धर.” उजव्या हातात टॉर्च असायचा म्हणून मी डावा हात धरत असे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत पुढच्या बाजूचे काम सुरू केले. नवा पाटा मी खालून धरला होता आणि पती त्यात बोल्ट घालत होते. तेव्हा जॅक खाली बसला. आधाराला विटा लावल्या होत्या, त्यातली एक फुटली आणि माझा डावा हात खाली सापडला. यवतमाळच्या दवाखान्यात दोन बोटे काढावी लागली. त्याबद्दल तेव्हाही माझी कोणाविरुद्ध तक्रार नव्हती आणि आताही नाही.

पतींनी जुनेच पाटे परत लावून गाडी चाकांवर उभी केली. नवे पाटे भिंतीला टेकवून ठेवले. त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. तेव्हापासून गाडी मागून उंच आणि समोरून खाली अशी उभी होती. तांड्यातली मुले मला म्हणत, “वर्षाकाकी, तुमची जीप पाया पडून राह्यली. आशीर्वाद द्या ना तिले!” मीही हसत असे. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून गाडी चालू करून थोडा वेळ तशीच ठेवत असे. मला गाडी चालवता येत नाही.

दवाखान्यातून आल्यावर महिनाभर स्वयंपाक पतींनी केला. माझी वेणीही ते घालत. वेणी घालताना मी पाठमोरी असे, तेव्हा ते बोलत. ट्रॉलीचे, तांड्याचे, कुठल्या शेतात कापूस कसा आहे त्याचे. समोरासमोर बोलत नसत. मार्चअखेर एक दिवस ते म्हणाले, “पांढरकवड्याले जाऊन येतो, शॅकलचे बुश आणतो.” शॅकल म्हणजे पाट्याचे टोक ज्यात अडकवतात तो भाग. काम परत सुरू होणार म्हणून मला बरे वाटले. मी त्यांना भाकर बांधून दिली. ते परत आले नाहीत.

हरवल्याची तक्रार का दिली नाही असे विचारल्यावरून सांगते की, ते हरवले नव्हते. दिवाळीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. पलीकडून कोणी बोलले नाही. मी विचारले, “जेवले का?” फोन तसाच चालू राहिला आणि मग बंद झाला. त्या नंबरवर मी नंतर लावला, तो एका धाब्याचा निघाला. धाबा कुठला ते मी विचारले नाही.

या आठवड्यात बाभुळगावला पतींच्या मामेबहिणीचे लग्न होते. पत्रिका सगळ्या नात्यात गेली होती. मी व सासू घराला कुलूप लावून लग्नाला गेलो. परत आलो तेव्हा अंगणात गाडी नव्हती. मी घाबरले आणि त्याच संध्याकाळी येऊन चोरीची तक्रार दिली. शेजारच्या जमनाबाईंशी माझे बोलणे त्यानंतर झाले.

जमनाबाई म्हणाल्या, “दुपारभर ठोकाठोकी ऐकू येत होती. मले वाटलं, तू मेकॅनिक लावून लग्नाले गेली.”

मी विचारले, “माणूस कोण होता?”

“तोंडाले दुपट्टा होता, बाई. या उन्हात सारेच बांधते.”

“आमचं कुत्रं नाही भुकलं?”

“कायले भुकन?” एवढे बोलून त्या चूलच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “गाडी निघाली तं मागून पाह्यली मी. सरळ होती. आता नाही पाया पडत तुही गाडी.”

काल सकाळी पंचनाम्यासाठी पोलीस आले तेव्हा मी उजेडात अंगण पाहिले. गाडीखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावल्याच्या खुणा मातीत होत्या. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले होते, ते तिथेच होते. विटा कुठेच लावलेल्या नव्हत्या. ठोकळे नंतर भिंतीशी एकावर एक रचून ठेवले होते, मोठे खाली, लहान वर. जुने पाटे गोणपाटावर पुसून ठेवले होते, नवे भिंतीशी नव्हते.

पाटा जड असतो. तो बसवताना एकाने खालून धरावा लागतो आणि दुसऱ्याने बोल्ट घालायचा असतो. कडुलिंबाच्या फांदीला दोर बांधलेला होता. मी पाटा धरून बसत असे, त्या जागी आणि त्या उंचीवर पाटा अडकवायला दोराचा फासा होता. पंचनाम्यात ‘एक नायलॉन दोर’ असे लिहिले आहे, ते बरोबर आहे.

आणखी काय गेले असे विचारल्यावरून सांगते की, पडवीतली अवजारांची पेटी गेली. आणि तिथल्याच खिळ्याला अडकवलेले एक रेक्झिनचे कव्हर गेले. पाट्यांमध्ये धूळ जाऊ नये म्हणून त्यांना ग्रीस लावून वरून कव्हर घालतात. पुढच्या दोन पाट्यांपैकी उजव्याचे कव्हर मी अपघाताआधी शिवले होते, ते नव्या पाट्यावर चढवूनच ठेवले होते. डाव्याचे मी नंतर शिवले. हात बरा झाल्यावर मशीनवर घेतलेले पहिले काम ते होते. त्याची शिवण वाकडी आहे. ते वर्षभर खिळ्याला होते. घरातले दुसरे काही गेले नाही. कुलूप जसेच्या तसे होते. बाहेरच्या माठातले पाणी मात्र कमी झाले होते.

हे सर्व पाहिल्यावर माझी खात्री झाली की गाडी चोरीला गेलेली नाही. गाडी माझे पती घेऊन गेले आहेत.

आज हे सांगितल्यावर जबाब लिहून घेणाऱ्या पायल मॅडमनी मला समजावले, “ताई, तक्रार राहू दिली तर टोलनाक्यावरचे कॅमेरे पाहता येतील. दोन दिवसांत गाडी सापडेल, गाडीसोबत माणूसही. मागे घेतली तर मग कोणी शोधणार नाही. घाई करू नका, बाहेर बसा, पाणी प्या.”

माझी सासू बाकावर बसली होती. ती म्हणाली, “राहू दे ना तक्रार. पकडून तं पकडून, पण पोराचं तोंड दिसन मले.”

मी सासूला म्हणाले, “याडी, पोलिसानं आणलेला माणूस अंगणात उतरन. घरात नाही येणार.”

“अन् असा तरी आला का? लगन पाहून आला, आपण नाही ते पाहून आला. मायले भेटला नाही तो.”

“आला तं होता.”

“अन् पुन्हा नाही आला तं?”

सासू पदराचा काठ दुमडत राहिली. मग म्हणाली, “सांग तुले सांगायचं ते. तुहीच गाडी आहे.”

तरी माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गाडीचा शोध घेऊ नये. गाडी माझ्या परवानगीने नेलेली आहे असे समजावे. ही परवानगी मी आज देत आहे.

गाडीत असे बदल करायला परवानगी लागते आणि रस्त्यात कोणी अडवू शकते, असे मला इथे सांगण्यात आले. ते मला समजले. त्यावरून एक गोष्ट लिहून घ्यावी अशी विनंती आहे. नवे पाटे पहिल्या फेरीत वजनाने थोडे दबून बसतात. त्यामुळे एक्सलला पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले पडतात आणि ते पुन्हा आवळावे लागतात. मागचे काम झाले तेव्हा आम्ही गाडी नाल्यापर्यंत नेऊन परत आणली होती. पतींनी पाना लावला, पान्याच्या दांडीला पाइप जोडला आणि मी त्या पाइपवर पाय देऊन उभी राहिले. “आता बसली,” असे ते म्हणाले आणि हात न धुताच चहा प्यायले.

तो मोठा पाना घरीच आहे. पेटीतले बाकी सगळे गेले, पाना पडवीच्या भिंतीवर त्याच्या जागी आहे. पती अवजार विसरत नाहीत. कोणी गाडी अडवलीच, तर चालवणाऱ्याला एवढेच सांगावे की पुढचे यू-बोल्ट आवळायचे राहिले आहेत, आणि त्या कामाला दोन माणसे लागतात.

मी बाहेरगावी कुठेही जाणार नाही. घरीच मिळेन. फाटकाला कुलूप नसते.

हा जबाब माझ्या सासूलाही ऐकू जाईल अशा आवाजात मला वाचून दाखवला. ‘चोरून नेली’ असे एका ठिकाणी लिहिले गेले होते, तिथे ‘नेली’ एवढेच ठेवायला मी सांगितले. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

सही/-
वर्षा राजकुमार आडे