रक्ताचं इंजेक्शन

डायलिसिस वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बाभुळगावच्या विमलताई आणि फार्मसी शिकणारी त्यांची भाची अर्पिता बसल्या होत्या.

“मामी, तुमी इंजेक्शनले काहून नाही म्हणता?”

“रक्ताचं हाय म्हणते सिस्टर. दुसऱ्याचं रक्त मी कायले घेऊ?”

“रक्त नाही त्यात. रक्त आपल्या हाडात बनते. ‘बनव’ म्हणून हाडाले निरोप पाठवते किडनी. तुमची किडनी आता पाठवत नाही, म्हणून तो निरोप इंजेक्शनातून द्या लागते.”

“तुले कोनं सांगतलं?”

“कॉलेजच्या लॅबमंदी पाह्यलं ना. उंदराच्या किडन्या खराब केल्या, तं त्याचं रक्त उतरलं. मंग हेच औषध देल्लं, तं पुन्हा चढलं.”

“मंजे मले उंदराचं औषध देऊन राह्यले?”

“औषध माणसाचंच हाय. उंदराले आपण उसनं देल्लं.”

“आता कसा हाय तो?”

“कोण?”

“उंदीर.”

“प्रयोग सरला का त्याले निरोप द्या लागते, मामी.”

विमलताई पदर सावरत बाकावरून उठल्या.

“घेतो मी इंजेक्शन. पण सिस्टरले सांग, निरोप हाडापुरताच दे म्हणा.”