चाळीस दिवसांची सरळ रेघ

(फोनवर : काका प्रयोगशाळेत, ताई दुसऱ्या शहरातल्या कचेरीत, संगणकासमोर.)

काका : ताई, चाचणीचा सेल मीटरवरून सोडवून पाकिटात घालायला काढलाय. माझ्या मुठीत आहे.

ताई : माझ्या पडद्यावर तो अजून १.४९८ व्होल्ट दाखवतोय.

काका : मीटरच्या वायरी तर मोकळ्या लोंबतायत, त्यांना हवा लागलीय नुसती!

ताई : हवेला दीड व्होल्ट नसतो, काका. मीटर स्वतः काय दाखवतोय?

काका : त्याचा पडदा काळा. दुरून चालवताना बंद ठेवायचा, तुमचाच नियम. मूठ उघडून बघू?

ताई : मुठीचा संबंध नाही. चाळीस दिवस दर मिनिटाला मी इथून त्याला विचारते, तो उत्तर देतो. त्या भरवशावर पाच वाजता ‘सेल टिकला’ या अहवालावर सही करायचीय. हा सेल वापरणारे श्रवणयंत्रवाले थांबलेत. तीन सेल फसल्यावरचा हा माझा चौथा.

काका : मग करा की सही! सरळ रेघेला कशाला नावं ठेवता?

ताई : थांबा. नेटवर्कवरून त्याला शिट्टी वाजवायला सांगते... वाजली?

काका : इथं चिडीचूप. साहेबांच्या खोलीत मात्र काहीतरी किंचाळलं. पाहुणे उठून उभे राहिलेत, बैठक संपली समजून.

ताई : साहेबांकडे मीटर?

काका : जुना, निवृत्त केलेला. पाहुण्यांना झगमगते आकडे आवडतात. रिकामा बसू नये म्हणून मीच त्याला टेबलावरच्या घड्याळाचा सेल मोजायला दिला. नेटवर्कची तारही लावली, तेवढाच रुबाब.

ताई : आणि प्रयोगशाळेतल्या नव्या मीटरला नेटवर्कवरचा पत्ता कोणता दिलात?

काका : जुन्याचाच. तुमच्या प्रोग्रामला तोच पाठ आहे ना! म्हटलं, पोरीला उगाच त्रास नको.

ताई : चाचणीआधी वीज गेली होती?

काका : तासभर. साहेबांकडे आधी आली, रीतच आहे.

ताई : मुठीतला सेल हातमीटरवर मोजा.

काका : ...शून्य पूर्णांक सहा. ताई, कुणाला कळणार आहे?

ताई : ज्यांना ऐकू येणार नाही, त्यांना कळेल.

काका : मग नोंदवहीत काय लिहू?

ताई : लिहा. दोन मीटरांना एकच पत्ता होता. वीज आल्यावर नव्याला तो आधीच घेतलेला आढळला, म्हणून तो नेटवर्कवर गप्प राहिला. चाळीस दिवस मोजला गेला तो साहेबांच्या घड्याळाचा सेल.