नुसता फिरायला गेलो होतो

तुम्ही हसताय, पण फिरण्याच्या वाटांचं पुस्तक लिहिताना मी मरता मरता वाचलोय. नुकताच पेन्शनीत निघालो होतो आणि ग्वाल्हेर संस्थानही तेव्हाच विलीन झालं होतं. टेकडीमागच्या एका गावाजवळ वाटेचा नकाशा काढत उभा होतो, तोच पाठीला बंदूक टेकली.

"कौन सरकार के आदमी हो?"

जुन्या सरकारचा म्हणावं तर सारावसुली आठवणार, नव्या सरकारचा म्हणावं तर जमीन मोजायला आलो असं वाटणार. म्हटलं, "किसी के नहीं."

"तो डाकुओं का है!"

लाठ्या घेऊन गाव जमलं. मी म्हणालो, "भैया, बस घूमने आया हूँ."

बंदूकवाला म्हातारा म्हणाला, "बिना काम के? इतनी धूप में?"

मी मान डोलावली.

म्हातारा लाठीवाल्यांना म्हणाला, "पागल है. सड़क तक छोड़ आओ."

सडक येईपर्यंत बंदूक पाठीलाच होती. मागे वळून बघायची छाती झाली नाही.

पुस्तकात त्या वाटेबद्दल एवढंच लिहिलंय: 'गावकरी पाहुण्याला सडकेपर्यंत एकटं सोडत नाहीत.'