मागे न येणारं कुसळ

नाही मॅडम, मुकादम आता नाही येऊ शकणार — तुम्ही बसा ना, त्या पोत्यावर नको, कुसळं टोचतील, इकडे बसा. नवं पीक तपासायला आलात ना, मग मला विचारा, पेरणीपासून मीच आहे इथे. सातवीच शिकलेय, पण या धान्याचं कूळ पाठ आहे — आई रानटी जव, बाप गहू. दाणा बापासारखा टपोरा, चावून बघा, आहे की नाही गोडसर? पाणी कमी पडलं तरी तग धरतं. खोड्या मात्र सगळ्या आईच्या. कसल्या म्हणजे? ओंबी पिकली की उन्हात सांध्यासांध्यातून तुटते, नुसता हात लावायची खोटी, दाणे मातीत! म्हणून तर कापणीला मुकादम फाटकाला कुलूप घालतो — वाफा उरकल्याशिवाय कोणी हलायचं नाही. आज तर काय, तुम्ही येणार, वजन भरलं पाहिजे!

आवाज? — बियाण्याच्या खोलीचं दार आहे ते. वाजू दे.

हे हातावरचं? माझं नाही हो रक्त. म्हणजे बोटाचं माझं — पोरीनं चावलं. दीड वर्षाची आहे. सावलीत बसून रडत होती, तर मुकादमानं तिच्या हातात ओंबी दिली — ‘घे, खेळ, आईला काम करू दे.’ तिनं घातली तोंडात. या कुसळाला बारीक दाते असतात मॅडम, करवतीसारखे. पुढेच सरकतं, मागे येत नाही. मला माहीत नव्हतं का? रोज बोटांत मोडतात. तरी बोट घातलंच घशात — आईचा हात थांबतो का? ते आणखी आत गेलं. तिचा आवाजच बंद झाला. ओठ निळे. मी फाटकाकडे धावले, तर हा म्हणतो, ‘दोनच ओळी राहिल्यात, खोकून पडेल बाहेर.’ खोकून पडेल! तराजूशेजारी लोखंडी वजन होतं. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात पडले त्याचे — त्या राशीतच आहेत, ती तोलू नका तुम्ही. किल्ली काढून घेतली. ट्रॅक्टरवाल्याच्या मोटारसायकलवर नणंदेला पोरीसकट बसवलं, दवाखान्यात पाठवलं. गाडी तेवढ्यातच भरली. बाकीच्या बायका पळाल्या. मी उरले — आणि हा उरला. पायाला धरून ओढत त्या खोलीत नेला, बाहेरून कडी घातली.

दाराजवळ जाऊ नका. बसा म्हटलं ना! विळा दिसतोय ना हातात? तुमच्याशी माझं भांडण नाही. नणंदेचा फोन येईपर्यंत फक्त. माझी पोर श्वास घेत असेल तर यानंही घ्यावा, नाहीतर मला आत जायचंय. — पिकाचं चांगलंच लिहा, खरंच चांगलं आहे, तेवढी कुसळं घालवा त्याची, बाकी काही —

थांबा. — हॅलो? हं. हं. निघालं? — नाही, तू सांगू नकोस, मला ऐकव. फोन तिच्या तोंडाशी धर…

रडतेय, मॅडम. ऐका, केवढ्यानं बोंबलतेय! — हा विळा घ्या. घ्या म्हणते ना! कडी वरच्या बाजूला आहे. तुमच्या गाडीत घाला त्याला आणि दवाखान्यात न्या. माझ्यासमोरून नको, शेडच्या मागून न्या — जा लवकर, माझा हात अजून थांबलेला नाही.